आधी डावीकडून, मग उजवीकडून

सकाळी ८.२०. फिनलंडमधलं एस्पो, ओतानिएमी. नोव्हेंबर संपत आलाय, अजून उजाडलेलं नाही. आल्टो विद्यापीठात पीएचडी करणारी मुलगी जॅकेट टांगते, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधते. बोटातून स्थिर विजेचा एक झटका गेला की चिपवरचे जोड मेले. केलेलं सगळं काम पाण्यात.

८.४५. चिप नखाएवढी. मधोमध अतिवाहक क्युबिट (क्वांटम संगणकाचा मूळ घटक), दोन्हीकडे वेगवेगळ्या लांबीचे रेझोनेटर, टोकांना तांब्याचे सूक्ष्म तुकडे. बाँडरखाली ॲल्युमिनियमची तार जोडायची, २५ मायक्रॉनची. सुई टेकते, कंप होतो, तार चिकटते. नाही चिकटली तर चिमट्याने उपटायची, शेजारी पुन्हा टेकवायची.

११.१०. जेवण. इथे अकरालाच रांग लागते. सूप, राय धान्याचा पाव.

दुपारी १२.००. क्रायोस्टॅट, म्हणजे चिप थंड करायचं यंत्र. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चकत्या एकाखाली एक. सगळ्यात खालची सगळ्यात थंड. चिप तिथे. खालून एकावर एक डबे चढवायचे, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे. खांदे भरून येतात. आत जे हेलियम-३ फिरणार, त्याच्या लिटरभर वायूला हजारो डॉलर पडतात. तो मुख्यतः मिळतो अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियममधून. त्यामुळे डबा बंद झाला की आधी गळती तपासायची, घाई कितीही असो. मग पंप सुरू. थंड व्हायला उद्याचा दिवस जाईल.

३.००. शेजारचं यंत्र आधीच थंड आहे, निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम केल्विनचा शंभरावा भाग वर. त्यातल्या चिपचं डावं तांबं विजेने किंचित तापवायचं. उष्णता मायक्रोवेव्ह फोटॉन होऊन क्युबिटमधून उजवीकडे जाते. मोजायची फेम्टोवॅटमध्ये: वॅटचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. चुंबकी कॉइलमधला प्रवाह बदलला की क्युबिटची वारंवारता सरकते, उष्णता कमीजास्त होते. एक आकडा, थांबा, पुढचा आकडा. कंटाळवाणं काम आहे, ती तसं म्हणतेही.

५.३०. आता उलट. उजवं तापवायचं, नेमकं तेवढंच. उष्णता गरमाकडून थंडाकडेच जाते, तो नियम कुणी मोडत नाही. एका दिशेने वाट जरा जास्त मोकळी, एवढंच. सायकलच्या व्हॉल्व्हसारखी, पण भलतीच गळकी. युक्का पेकोलांच्या इथल्याच गटाने २०२० मध्ये असा नमुना दाखवला, तेव्हा दोन दिशांतला फरक फार तर १० टक्के होता. क्युबिटची उष्णता बाहेर जावी, बाहेरची आत येऊ नये, तर हा फरक वाढायला हवा. आजचे दोन आलेख जवळजवळ एकावर एक बसतात. ती चहा आणायला जाते.

७.१५. जाड हातमोजे, चष्मा. हेलियममधली अशुद्धी अडवणाऱ्या सापळ्यात द्रव नायट्रोजन ओतायचा. रात्रभराची मोजणी संगणकाला लावून द्यायची: कॉइलचा प्रवाह बारीक पावलांनी, आधी डावीकडून, मग उजवीकडून. सकाळी कोण नायट्रोजन भरणार ते फळ्यावर लिहिलेलं आहे. उद्या तिची पाळी नाही.