माळ्यावरचा हंडा आणि पेटीतले कागद



नवरात्र तोंडावर आलं की आपल्याकडं घर आवरायची गडबड सुरू होते. गोधड्या, वाकळा ओढ्यावर जातात, भिंतींची जळमटं निघतात, घासलेले डबे उन्हात पालथे पडतात. पण दरवर्षी एक जागा तशीच राहते. कुणाचा माळा, कुणाची कोठीची खोली, कुणाच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी. तिथं हात घालायची वेळ आली की आपण म्हणतो, "राहू दे, पुढच्या वर्षी बघू." आज आपण त्या राहिलेल्या जागेबद्दल बोलणार आहोत.

काय काय असतं तिथं? झिजलेलं जातं, उंदरांनी कुरतडलेली कणगी, बंद पडलेला टीव्ही, गळका हंडा, सायकलचे टायर, पोराच्या पहिलीपासूनच्या वह्या. लग्नात आलेले एकसारखे पाच जग आणि सात डबे. आहेराचे ब्लाऊजपीस तर विचारूच नका. एकेक ब्लाऊजपीस चार गावं हिंडून परत आपल्याच घरी येतो! यातलं रोज काहीच लागत नाही, पण काढून टाकायचं जिवावर येतं.

साठवण्यामागं कारण असतं

घरातली म्हातारी माणसं काही टाकू देत नाहीत म्हणून सुनांची कुरकुर असते. पण त्यांच्या बाजूनंही बघायला हवं. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ बघितला, दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांना दोरीचा तुकडासुद्धा फेकवत नाही. वस्तू मोडली तर ती बाजारातून पुन्हा आणता येईल याची त्यांना कधीच खात्री नव्हती. त्या काळी साठवणं म्हणजे शहाणपणच होतं.

आज फरक पडलाय तो एवढाच, की वस्तू येण्याचा वेग वाढला आणि घरं मात्र लहान झाली. वाड्यातला माळा गेला, दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आलं. सामान तेवढंच राहिलं, उलट वाढलं. म्हणून "आत्या, हे सगळं कचरा आहे" असं म्हणून सुरुवात करू नका. "आत्या, यातलं काय कशासाठी ठेवलंय, मला सांगा ना" असं विचारा. निम्मं काम तिथंच सोपं होतं. वस्तूची गोष्ट सांगून झाली की बऱ्याचदा त्याच म्हणतात, "जाऊ दे, दे आता कुणाला तरी."

अडगळ आजारही आणते

अडगळीत दाणे सांडतात, उंदीर येतात आणि उंदरांमागं साप येतो. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही चावलं हेसुद्धा कळत नाही. म्हणून झोपायच्या जागेजवळ ढीग नको. पसारा काढताना आधी काठीनं हलवा, उजेड घ्या, पायात चप्पल-बूट ठेवा. साप चावला किंवा नुसता संशय आला, तरी १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. परसातला टायर, फुटका रांजण, उघडा डबा त्याला पुरतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आरोग्यसेविका आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने जगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. टायर आणि फुटकं भांडं घराबाहेर काढलेलंच बरं.

वस्तू कुणाची, हे आधी बघा

आमच्या एका गटातल्या मावशी सांगत होत्या. त्या भाचीच्या लग्नाला गेल्या असताना मुलानं माळा रिकामा केला. त्यात त्यांचा तांब्याचा हंडा होता, लग्नात वडिलांनी दिलेला. काठावर वडिलांचं नाव, त्यांचं नाव आणि लग्नाचं साल घातलेलं. मुलानं तो लोखंडाबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याचा हेतू वाईट नव्हता. इतकी वर्षं पडून आहे, आईला आता उचलतही नाही, असं त्याला वाटलं. मावशी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग बैठकीत म्हणाल्या, "हंडा गेला त्याचं काही नाही गं. मला विचारलं असतं तर मीच नातीला दिला असता."

मैत्रिणींनो, विचार करा. मावशींचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, घराच्या उताऱ्यावर नव्हतं. त्या घरात त्यांचं नाव फक्त त्या हंड्यावर कोरलेलं होतं.

म्हणून पहिला नियम असा, की ज्याची वस्तू त्यानंच ती सोडायची. नवऱ्याची अवजारं बायकोनं परस्पर मोडीत घालू नयेत, सासूची भांडी सुनेनं घालू नयेत आणि आईची मुलानं घालू नयेत. बाईला माहेराहून मिळालेली भांडी, दागिने, साड्या हे तिचं स्त्रीधन असतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. स्त्रीधनाची मालकीण ती बाई. सासरच्यांकडं ते असलं तरी विश्वासानं सांभाळायला दिलेलं असतं. ठेवायचं, द्यायचं की विकायचं, हे तिनं ठरवायचं.

आधी पेटी उघडा, मग माळा

दुसरा नियम कागदांचा. भांडी-कपडे काढायच्या आधी घरातले सगळे कागद एका जागी आणा आणि वाचता येणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन एकेक बघा. पिवळा पडलेला कागद म्हणजे रद्दी नव्हे.

खरेदीखत, वाटणीपत्र, जुने सातबारे, फेरफार, ८ अ, कर्ज फेडल्याचे दाखले हे कधीच टाकायचे नाहीत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला तर सोन्यासारखा सांभाळा. नातवाच्या जातपडताळणीला जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा असला तर काम सोपं होतं. पेटीच्या तळातला एक चतकोर कागद पोरीचं इंजिनीअरिंगचं नाहीतर नर्सिंगचं वर्ष वाचवतो. एखादा कागद मोडी लिपीत असेल आणि वाचता येत नसेल, तर तोही ठेवा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत.

जुनी बँकेची पासबुकं आणि विम्याचे कागद वेगळे काढा. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. पण त्यामुळं खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. ते बँकेत अर्ज करून परत मागता येतात. असे पैसे शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ साली 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आहे. गावातल्या शिकलेल्या पोरीला मोबाईलवर बघायला सांगा.

आणि डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत आपण बायका पैसे लपवतो, ते विसरू नका. पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झाल्या. अडीअडचणीसाठी गुपचूप साठवलेले कितीतरी बायकांचे पैसे त्यानंतर नुसते कागद झाले. दोन हजारांची नोट सापडली, तर ती २०२३ मध्ये चलनातून मागं घेतली असली तरी रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या कार्यालयांत जमा होते. म्हणून ठेवलेली वस्तू वर्षातून एकदा तरी हातात घेऊन बघायची.

कोणती वस्तू कुठं द्यायची

आता उरलेलं सामान. चार ढीग करा. वापरायचं, आठवणीचं, दुसऱ्याला उपयोगी पडणारं आणि मोडीत घालायचं. आठवणीच्या ढिगाला हद्द ठरवा. एक पेटी. तिच्यात मावेल तेवढं ठेवायचं.

तांब्या-पितळेची भांडी चांगली असतील तर कल्हई करून वापरात घ्या. मोडीत घालायची असतील तर घाई करू नका. तांब्याला पितळेपेक्षा जास्त भाव मिळतो आणि दोन्हींना लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. सगळं एकाच तराजूत टाकू देऊ नका. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं वेगवेगळं काढा, घरी नाहीतर किराणा दुकानात वजन करून कागदावर लिहा, तालुक्याच्या दोन दुकानांत मोडीचा भाव विचारा. गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून भांडी नेली तर भाव करायला जोर येतो.

मोठी पातेली, पराती, घंगाळं एकट्या घराला जड होतात. ती गटाकडं जमा करून कार्यक्रमांना भाड्यानं देता येतात. कुणाचं काय दिलं ते गटाच्या वहीत नावानिशी लिहा, म्हणजे पुढं वाद होत नाही.

सुती लुगडी आणि धोतरं बोहारणीला देण्याआधी गोधडीचा विचार करा. जुन्या मऊ सुताची गोधडी नव्या कापडाला येत नाही आणि शिवणारी बाई गावात असेल तर तिच्या हाताला काम मिळतं. चांगल्या साड्या, पोरांचे कपडे, वह्या-पुस्तकं गरजेच्या घरी द्या, पण धुऊन, घडी करून. फाटकं-तुटकं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं म्हणजे दान नव्हे.

काही वस्तू मात्र कुणालाच द्यायच्या नाहीत. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही भक्कम असला तरी त्यात पाणी, तेल, धान्य काही भरायचं नाही आणि भंगारातही घालायचा नाही. फवारणीच्या वेळीच तो तीनदा विसळून पाणी पंपात ओतायचं, डबा भोकं पाडून निकामी करायचा आणि वस्ती व पाण्यापासून लांब खोल पुरायचा. मुदत संपलेली औषधं शेजारणीला "घेऊन बघ" म्हणून देऊ नका. प्लॅस्टिक आणि वायरी चुलीत किंवा होळीत जाळू नका, तो धूर पोरांच्या छातीत जातो. मोडलेल्या सीएफएल बल्बमध्ये पारा असतो, त्याला उघड्या हातानं शिवू नका.

गेलेल्या माणसाच्या वस्तू

सगळ्यात अवघड हेच असतं. तेराव्याला नातेवाईक म्हणतात, सगळं देऊन टाका. ज्या बाईचा नवरा गेलाय तिला मात्र त्याचा सदरा एवढ्यात हातावेगळा करायचा नसतो. तिला घाई करू नका. कपड्यांना वर्षभर थांबता येतं. फक्त त्याचे कागद लगेच बघा. मृत्यूचा दाखला, पासबुक, विमा, सातबारा नीट ठेवा आणि वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडं वेळेत द्या. सदरा राहिला तर कुणाचं नुकसान होत नाही, पण वारसनोंद राहिली तर तिच्या हक्काला अडचण येते.

घर हलकं ठेवायचं तर नवीन येणारंही अडवायला हवं. लग्नाच्या आहेराचं बघा. गटानं मिळून ठरवलं की साडी-भांडं न देता मुलीच्या खात्यावर रक्कम जमा करायची, तर पाच जग आणि सात डबे येणारच नाहीत.

येत्या बैठकीत एवढं करूया. प्रत्येकीनं घरातल्या कागदांची यादी करून आणायची आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम बघायची, की आपलं नाव कशावर आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याच्या संमतीनं सातबाऱ्यावरही लावता येतं. अर्ज कसा करायचा ते आपण बैठकीत मिळून लिहू. हंड्यावरचं नाव राहू दे, त्याची माया वेगळीच. पण एक नाव कागदावरही असू दे.

माळा आवरायला घ्या. आणि काठी घेऊनच चढा बरं का!