किरण आणि झडप
ऑक्टोबरची ३१ तारीख म्हणजे अमेरिकेतील हॅलोवीनचा दिवस. त्या संध्याकाळी तेथील उपनगरांतून मुले नाना सोंगे घेऊन दारोदार मिठाई मागत हिंडतात, आणि काही हौशी गृहस्थ मोटार ठेवण्याच्या खोलीला किंवा पुढच्या अंगणाला झपाटलेल्या वाड्याचे रूप देतात. काळ्या पडद्यांतून वाट काढीत पाहुणा आत शिरतो. कोपऱ्यात एक शवपेटी निमूट पडलेली असते. तो तिच्या जवळ येतो न येतो तोच झाकण ताडकन उघडते, फुस्स असा आवाज होतो आणि आतला सांगाडा उठून बसतो. पाहुणा किंचाळतो व दुसऱ्याच क्षणी हसू लागतो. सांगाडा पुन्हा आडवा होऊन पुढच्या पाहुण्याची वाट पाहतो.

पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवातील हलते देखावे ज्यांनी पाहिले असतील त्यांना यातील भेद चटकन जाणवेल. देखाव्यातील प्रसंग आपल्या क्रमाने घडत जातो. प्रेक्षक कोठे उभा आहे याची त्याला फिकीर नसते. सांगाड्याला मात्र नेमके तेच कळावे लागते. अर्धा सेकंद उशीर झाला की पाहुणा पुढे गेलेला असतो आणि सांगाडा त्याच्या पाठीला सलाम करतो.

ही चाहूल घेण्याचे काम प्रकाशाकडे सोपविलेले असते. प्रकाश पडला असता धातूतून विद्युत्कण बाहेर पडतात, या परिणामाची पहिली खूण हर्ट्झ या शास्त्रज्ञास १८८७ मध्ये दिसली. त्याचा उलगडा आइन्स्टाइनने १९०५ मध्ये केला, आणि १९२१ चे नोबेल पारितोषिक त्यास मुख्यतः याच कार्यासाठी मिळाले. आजच्या प्रकाशसंवेदकात धातूऐवजी अर्धवाहक असतो, पण कूळ तेच. लिफ्टचे मिटू लागलेले दार माणूस मध्ये येताच पुन्हा उघडते, ते अशाच अदृश्य अवरक्त किरणांमुळे. किरण तुटला की संवेदक इशारा देतो.

कारखान्यांसाठी बनविलेले हे संवेदक हौशी मंडळी जुन्या बाजारातून स्वस्तात मिळवितात. परंतु कारखान्यातील खोकी पोशाख करून येत नाहीत. एका प्रकारचा संवेदक समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रकाश टिपतो. त्याच्यापुढे काळा झगा घातलेली चेटकीण आली, तर कापड प्रकाश गिळून टाकते व भुताला ती दिसतच नाही. दुसऱ्या प्रकारात समोरच्या भिंतीवर परावर्तक बसवितात. तेथे चकचकीत चिलखतातला शिपाई कधी स्वतःच परावर्तक ठरतो. म्हणून जाणते लोक एका बाजूस किरण सोडणारा व दुसऱ्या बाजूस तो झेलणारा, अशी जोडी पसंत करतात. तीही दाट कृत्रिम धुक्यात गोंधळू शकते. किरण गुडघ्याच्या उंचीवर ठेवला तर एकाच पाहुण्याचे दोन पाय दोन इशारे देतात. तेव्हा एक खेळ पुरा होईपर्यंत पुढचे इशारे न मानण्याची सोयही करावी लागते.

चाहूल लागली, आता उठायचे कोणाच्या बळावर? येथे हवा कामास येते. बसचे दार फुस्स करून उघडते ते ज्या तत्त्वावर, त्याच तत्त्वावर. कॉम्प्रेसरच्या टाकीत दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोच्या आसपास दाबाने हवा भरतात व नियंत्रकातून ती निम्म्या दाबावर आणतात. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळकांड्यात ४ किलो दाबाची हवा सोडली, तर दट्ट्या सुमारे २० किलोंचा जोर लावतो. व्यास दुप्पट केला की जोर चौपट. दट्ट्याची १५ सेंटिमीटरची हालचाल तरफेने ६० सेंटिमीटर केली, तर टोकाशी जोर ५ किलोच उरतो. पण सांगाड्यास तेवढा पुष्कळ झाला.

किरण आणि हवा यांची गाठ घालून देते ती विद्युतचुंबकी झडप. तिच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की आतला छोटा दांडा सरकतो, हवेची वाट बदलते आणि दट्ट्या बाहेर झेपावतो. वीज थांबली की स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते व दट्ट्या परततो. मराठीत ‘झडप’ हा शब्द दोन्ही अर्थी वापरतात हा योगायोग मोठा समर्पक! वापरलेली हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडांवर आवाज शमविणारी टोपी बसविता येते. पुष्कळजण ती मुद्दाम बसवीत नाहीत, कारण सांगाड्यापेक्षा त्या फूत्कारानेच माणूस अधिक दचकतो.

मात्र जोडणीचा एक नियम मोडता कामा नये. वीज गेली तर सांगाडा निजला पाहिजे. नळ्या उलट जोडल्या, तर अंधार होताच तो आपण होऊन उठेल आणि कदाचित त्याच वेळी कोणी त्याच्यावर वाकलेले असेल. केवळ टाकीचा नळ बंद केल्यानेही भागत नाही, कारण पुढच्या नळ्यांत हवा कोंडलेली राहते. तिला बाहेर सोडणारी वेगळी झडप हाताशी हवी. पाणी नेणारे पीव्हीसीचे नळ स्वस्त म्हणून हवेसाठी वापरणे तर निव्वळ अविचार. ते फुटले की त्यांचे तुकडे गोळीसारखे उडतात. झडपेला घरातील १२० व्होल्टची वीज न देता १२ किंवा २४ व्होल्टची द्यावी, कारण अंगणातील गवत त्या दिवसांत ओले असते. आणि सांगाड्याची झेप जेथे संपते तेथून पाहुण्याची वाट हातभर तरी दूर असावी. दचकलेले मूल कोणत्या दिशेस उडी मारील हे कोणताही संवेदक सांगत नाही.

यंत्र निर्दोष असले तरी वास्तूचा प्रश्न उरतोच. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सी राज्यातील एका क्रीडोद्यानातील ‘हाँटेड कॅसल’ला आग लागून आठ किशोरवयीन मुले दगावली. तेथे पाणी फवारणारी स्वयंचलित यंत्रणा नव्हती. त्यानंतर अशा सार्वजनिक वास्तूंसाठी अमेरिकेत नियम कडक झाले; पण घरच्या अंगणात काळे प्लास्टिक व फोम टांगताना बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे हे बहुधा मालकाच्या विवेकावरच राहते.

१ नोव्हेंबरच्या सकाळी सांगाडा खोक्यात जातो, परंतु एक काम बाकी असते. दाबलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते आणि आतून गंज चढविते. ते तळाच्या तोटीतून काढून टाकल्यावरच कॉम्प्रेसर वर्षभरासाठी झाकून ठेवायचा असतो.