एकशे सतरा टिंब

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या घराची तांब्याची टेलिफोन लाइन निघाली आणि फायबर आलं. वेग कितीतरी पट, बिल जवळपास तेवढंच. फक्त पुण्याहून घरच्या कॉम्प्युटरवर जायचा माझा व्हीपीएन मेला. राउटर उघडून बघितलं, तर बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होणारा. म्हणजे आमचं दार आता रस्त्यावर उघडत नव्हतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट आलं, मग डायलअप, मग सायबर कॅफे. हे सगळ्यांनी सगळ्यांना सांगून झालंय. माझी गोष्ट २००६ नंतरच्या दहा वर्षांची.

अण्णा घरी बसून यंत्रमागवाल्यांचे हिशोब लिहायचे, चादरी-टॉवेलांची बिलं टॅलीत चढवायचे. मी पुण्यात नोकरीला. मार्चमध्ये त्यांचं हटकून काहीतरी अडायचं, आणि दर वेळी हुतात्मा एक्सप्रेस पकडणं जमणारं नव्हतं. म्हणून एका जुन्या पेंटियमवर ओपनव्हीपीएन बसवलं. दोन रविवार किल्ल्या आणि सर्टिफिकेटं बनवण्यात गेले. मोडेममध्ये ११९४ चं पोर्ट उघडलं. एक शहाणा मित्र म्हणाला होता, "कशाला एवढा कुटाणा? रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ सरळ उघडून टाक की." पुढे त्याच्याच ऑफिसातल्या फायली खंडणीवाल्यांनी कुलूपबंद केल्या. तेव्हा मी हळहळलो. आज कबूल करतो, थोडं बरंही वाटलं होतं.

व्हीपीएनचा बोगदा पक्का होता, पण त्याचं तोंड जागेवर राहायचं नाही. ते दिवस भारनियमनाचे. लाईट गेली की मोडेम बंद, आली की नवा आयपी. मग अण्णांचा फोन : "लाईट गेल्ती. लिहून घे. एकशे सतरा टिंब एकशे शहाण्णव टिंब..." डॉट म्हणायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. मोडेमच्या पानावरून आकडे उतरवून घ्यायचे ते कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांशेजारी. फोनवर आकडे सांगून झाले की मग पावसाचं, कुणाच्या लग्नाचं, गड्ड्याच्या जत्रेला येणार का याचं. पुढे एका परदेशी सेवेने घराला फुकटात नाव दिलं. पत्ता बदलला की मोडेमच तिला कळवायचा. अण्णांचे फोन कमी झाले. २०१४ च्या मे महिन्यात तिने फुकट खाती बंद केली आणि टिंबं परत आली. मला तेव्हा वैताग आला होता. काय अक्कल!

खरा खड्डा मात्र आधीच खणला गेला होता. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. पुढच्या वर्षी १००.६४ पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते वेगळे काढले गेले. ते कंपनीने ग्राहकांना आतल्या आत द्यायचे, आणि बाहेर अनेक घरं मिळून एकच पत्ता दाखवायचा. वाड्याला दिंडी एक, आत बिऱ्हाडं पन्नास. बाहेर जायला कुणाची आडकाठी नाही, पण बाहेरून आलेल्याने कुणाच्या नावाने हाक मारायची? आयपीव्ही६ चा उतारा १९९८ पासून तयार आहे. हेल्पलाइनवरच्या मुलाला त्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "स्टॅटिक आयपी फक्त बिझनेस प्लॅनवर मिळतो, सर."

शेवटी वायरगार्डवर चालणारं एक नवं ॲप घातलं. तिसऱ्याच कुणाचा सर्व्हर दोन्ही टोकांची गाठ घालून देतो. दहा मिनिटांत काम झालं. ना पोर्ट, ना टिंब. घराची ओळख पटवायला परका माणूस लागतो, एवढंच.

परवा घरी गेलो तेव्हा कालनिर्णय चाळलं. दुधाचे खाडे नाहीत, दूध आता पिशवीचं. चार-पाच दिवसांआड एका चौकटीत अण्णांच्या अक्षरात एकच शब्द होता : पाणी.