झुंबा, भज्जी आणि मावशीची म्हैस

एडिटरचा मेल तीन ओळींचा होता. एक डान्स फिटनेस क्लास ट्राय कर, एक सोपं व्हेगन जेवण स्वतःच्या हाताने बनव, आणि लिही. पुण्यात असते तर दोन संध्याकाळी आणि एक कॅफे, काम खल्लास! पण मी तेव्हा घरी, नांदेडला होते. आईचा शुगरचा रिपोर्ट आला होता. एचबीएवनसी ७.१. साडेसहाच्या पुढे गेलं की डायबेटिस, हे मला ठाऊक होतं. मला हे ठाऊक नव्हतं की आईच्या जोडीने गंमत म्हणून केलेल्या टेस्टमध्ये माझा आकडा ५.८ येईल. म्हणजे प्री-डायबेटिस. वय वर्षं अठ्ठावीस, व्यवसाय फ्रीलान्सर, दिवसातले दहा तास लॅपटॉपसमोर. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून फक्त भुवया उंचावल्या.

तर मंडळी, हा लेख निव्वळ असाइनमेंट म्हणून सुरू झाला नाही.

आमच्या श्रीनगर भागात एका पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, ‘लेडीज स्पेशल झुम्बा’ असा बोर्ड आहे. ‘आई, चल’ म्हटलं तर ती म्हणाली, ‘नाचायचं वय आहे का माझं? आणि दिवसभर चालतेच की मी, ओट्यापासून देवघरापर्यंत.’ मग मी एकटीच गेले. पहाटेची बॅच, संध्याकाळची बॅच वगैरे सगळीकडे असतात. इथे हाउसफुल्ल होती सकाळी साडेअकराची! कारण सिंपल आहे. तोवर मुलं शाळेत, नवरे ऑफिसात किंवा दुकानात, भांडी झालेली, आणि दुपारचं पान वाढायला अजून दीड तास. चोवीस तासांतला तेवढाच तुकडा कुणी मागत नाही. ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी मात्र बॅच निम्मी.

झुंबाचा जन्मच एका विसराळूपणातून झाला, हा मला फार आवडलेला किस्सा. कोलंबियातल्या काली शहरात १९९०च्या दशकात बेटो पेरेझ नावाचा इन्स्ट्रक्टर एरोबिक्सच्या क्लासला आला आणि म्युझिकची कॅसेट घरीच विसरला. मग जवळ होत्या त्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेट लावून त्याने वेळ मारून नेली. लोक खूश! पुढे २००१ साली अमेरिकेत त्याची कंपनी झाली. झुंबा हा रीतसर ब्रँड आहे आणि तो शिकवायला लायसन्स लागतं. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या बोर्डांवरचा ‘झुम्बा’ किती ओरिजिनल, हा प्रश्न विचारून क्लासमध्ये कुणाचं मन मोडू नका. आमच्या क्लासमध्ये साल्सा दोन गाण्यांपुरता. मग थेट ‘सैराट’चं ‘झिंगाट’. २०१६पासून या गाण्याने मराठी माणसाच्या हार्टरेटसाठी जेवढं केलंय, तेवढं कुठल्या जिमने केलं नसेल.

पहिल्या दिवशी माझी जाम फजिती झाली. सगळ्या उजवीकडे, मी डावीकडे. पंधराव्या मिनिटाला श्वास लागला, आणि पस्तिशीच्या पुढच्या, पंजाबी ड्रेसवर ओढणी आडवी बांधलेल्या बायका मात्र मस्त गप्पा मारत नाचत होत्या. मॅडमनी एक साधा फंडा सांगितला. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. म्हणजे मध्यम जोराचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, ती याचीच. हिशेब करा, आठवड्यातून तीन दिवस क्लास आणि एखाद दिवस भरभर चालणं. झालं. आणि हो, मी कॅनव्हासच्या पातळ सोलच्या बुटांत उड्या मारल्या, त्यामुळे पुढचे दोन दिवस जिना उलटा उतरत होते. गादीदार सोलचे बूट घ्या, यात कंजुषी नको.

तिसऱ्या दिवशी आई आली. ‘नुसती बघायला’. पर्स मांडीवर घेऊन भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांना विचारून झालं होतं. गोळी चालू असेल तर उपाशीपोटी नाचायचं नाही, पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवायची, घाम सुटून हातपाय थरथरले तर थांबायचं, एवढ्या अटी होत्या. तिसऱ्या गाण्याला मॅडमनी सगळ्यांना गोल करायला लावला, आणि शेजारच्या काकूंनी आईचा हात धरून ओढलं. आणि बॉस, आई चुकली नाही! पाय बरोबर पडत होते, वळणं बरोबर. मी बघतच राहिले. घरी येताना रिक्षात म्हणाली, ‘अगं, पंचमीला आम्ही रात्र रात्र फेर धरायचो. झोका, फुगडी, सगळं. लग्न झाल्यावर राहिलं ते राहिलंच.’ मराठवाड्यात नागपंचमी हा माहेरवाशिणींचा सण आहे हे मला पाठ होतं, शाळेत निबंधही लिहिला होता. आईला नाचता येतं, हे मात्र अठ्ठावीस वर्षांत कळलं नव्हतं.

आता जेवण. नांदेडच्या दुकानात टोफू मागितला तर काकांनी सोयाबीनच्या वड्यांचं पाकीट पुढे केलं. बदामाचं दूध होतं, पण त्या एका लिटरच्या पैशात घरी चार-पाच दिवस म्हशीचं दूध येतं. गंमत बघा. लातूरचा बाजार म्हटलं की सोयाबीन, हे टीव्हीवर भाव बघणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पण ते सोयाबीन मिलमध्ये जातं, तेल निघतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला. आमच्या ताटात ते पीक म्हणून कधी येतच नाही.

हे मी फोनवर लातूरच्या मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘येळवशीला ये. तुला पाहिजे ते सगळं शेतात आहे.’

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी शहरं ओस पडतात, अख्खं कुटुंब शेतावर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने आदल्या संध्याकाळी पोचले. रात्री शेंगा सोलत बसलो, तेव्हा मी मावशीला व्हेगन म्हणजे काय ते सांगितलं. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी हा शब्द काढला. मांस-मासे नाही, अंडी नाही, दूध-दही-तूप नाही, मधसुद्धा नाही.

मावशी ऐकत होती. मग म्हणाली, ‘मग म्हशीचं काय करावं गं? तिला सांगू का, तुझं दूध आता चालत नाही म्हणून?’

मी हसले, ती हसली नाही. पिकाचे पैसे वर्षातून दोनदा येतात आणि काकांच्या हातात येतात. डेअरीचे पैसे दर दहा दिवसांनी येतात आणि मावशीच्या हातात. माझ्या मावसभावाची लातूरमधली कोचिंगची फी त्या पैशातून गेली आहे. आता तो डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हेगन होण्यामागचे प्राण्यांविषयीचे मुद्दे मला पटतात, निदान मोठ्या गोठ्यांबद्दल तरी. पण ते मावशीच्या अंगणात उभं राहून सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि ते तिथे सांगावेत असं मला वाटतही नाही.

भज्जी मात्र मी केली. येळवशीची भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे हं! ही पातेल्यातली दाट, आंबट-तिखट, हिरवट भाजी. तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे आणि सोलाणे प्रत्येकी एक वाटी, मूठभर शेंगदाणे, एक गाजर, दोन वांगी चिरून. हे आधी शिजवायचं. मग मेथी, पालक, चुका, मिळाला तर चाकवत, बारीक चिरून त्यात. हिरवी मिरची, लसूण, जिरं वाटून घ्यायचं. तीन-चार चमचे बेसन पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं आणि सारखं हलवत ओतायचं. मी हलवायला विसरले, खाली लागलं, मावशीने न बोलता पातेलं बदललं. शेवटी चिंचेचा कोळ, मीठ, आणि वरून करडईच्या तेलात लसणाची फोडणी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. माझ्या भाकरीचा नकाशा झाला, ते सोडा.

एक थेंब दूध-तूप नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळी-शेंगांत भरपूर असतं, म्हणून भाकरी आणि भज्जी मिळून प्रोटीन पुरं होतं. तिळात कॅल्शियम दणकून. शेजारी अंबिलीचं मडकं होतं, पण तिच्यात ताक असतं, म्हणून माझ्या व्हेगन ताटातून बाद. (दुसऱ्या दिवशी दोन पेले प्याले.) पूर्ण व्हेगन व्हायचा विचार असेल तर बी-१२ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्याच, ते भाजीपाल्यातून मिळत नाही. आणि आईसारख्यांनी भाकऱ्या मोजून खायच्या. ज्वारी-बाजरी झाली तरी तिने साखर वाढतेच, ‘मिलेट आहे’ म्हणून तीन खाल्ल्या तर काही उपयोग नाही.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली, रानात पंगत बसली. माझी भज्जी पहिल्यांदा संपली असं लिहायचा मोह होतोय, पण संपली ती मावशीची.

मी पुण्यात परतले. आईचा पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी आहे, माझाही. मधल्या एका रात्री तिचा मेसेज आला. ‘उद्या पाण्याचा दिवस. बाबांना सांगितलंय, पाणी तुम्ही भरा. मी साडेअकराला क्लासला जाणार.’