तालुक्याच्या टॉकीजचा हिशेब

तालुक्याच्या गावातली टॉकीज टीव्हीने संपवली, असे सर्रास म्हटले जाते. 1982 मध्ये रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ, केबल, मोबाइल. प्रेक्षक घरी बसला. यात तथ्य आहे. पण टीव्ही पुण्या-मुंबईतही होताच, आणि तिथे पुढे मल्टिप्लेक्स उभी राहिली. तेव्हा मालकाचा हिशेबच मुळापासून तपासायला हवा.

इमारत त्याची, परवाना त्याचा. चित्रपट मात्र वितरकाचा. वितरणाची विभागवार वाटणी, म्हणजे सर्किटे, बव्हंशी जुन्या सरहद्दींनुसार होती: खानदेश-विदर्भ सीपी-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटमध्ये, मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, सर्किटे वेगळीच राहिली. भुसावळ-अमरावतीच्या वितरकांकडून प्रिंटची पेटी लहान गावात पोचायची ती मोठ्या शहरांत झिजून. ऑपरेटर आधी तुटलेले सांधे जोडायचा, मग दोन प्रोजेक्टरांवर खेळ चालवायचा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरे यंत्र सुरू. एवढे करून तिकिटातून करमणूक कर आणि वितरकाचा वाटा वजा जायचा. ‘जय संतोषी माँ’ (1975) किंवा ‘माहेरची साडी’ (1991) लागला की खेड्यापाड्यांतून बायका यायच्या आणि मागची तूट भरून निघायची. असे चित्रपट दरवर्षी थोडेच येतात!

त्यात 2001 च्या सुमारास राज्याने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला, पुढची दोन वर्षे चतुर्थांशच घेतला. एकपडदा चित्रगृहाला तशी सवलत मिळाली नाही. मालकांनी खुर्च्या आणि स्वच्छतागृहांकडे दुर्लक्ष केले, म्हणून बायका येईनाशा झाल्या, हा आक्षेप खरा आहे. पण डागडुजीला पैसा उरायचा कुठून? डिजिटल प्रक्षेपणामुळे चित्रपट त्याच शुक्रवारी गावात येऊ लागला, ‘सैराट’ला (2016) तोबा गर्दीही झाली, असेही कुणी म्हणेल. त्यावरून प्रेक्षक शिल्लक होता एवढेच दिसते. एका चित्रपटावर बावन्न आठवडे निघत नाहीत.

2017 मध्ये जीएसटी आला, करातला हा भेद मिटला. पण तोवर अनेकांनी कुलूप लावले होते. जागा मोक्याची, तरी चित्रगृह पाडून काही बांधायचे तर नव्या इमारतीतही चित्रगृह ठेवण्याची अट आडवी येते. मालक ती रद्द करा म्हणतात. मला ती टिकावी असे वाटते, कारण ती गेली तर गावात पडदा पुन्हा उभा राहणार नाही. मात्र अट ठेवायची तर शे-दोनशे खुर्च्यांचा छोटा पडदा उभारायला सरकारने मदतही केली पाहिजे. मल्टिप्लेक्सना पाच वर्षे हात दिलाच होता.