कर शून्य, तरी पाच हजार भरायचे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राचा अर्थसंकल्प आला आणि ‘बारा लाखांपर्यंत आयकर नाही’ ही बातमी घरोघरी पोहोचली. बातमी खरी आहे. पण ती ऐकून धंदा करणाऱ्या आपल्या कितीतरी ताया निवांत राहिल्या. कर नाही तर रिटर्न कशाला भरायचं, असा साधा विचार. चूक नेमकी इथे होते.

एक तर बारा लाखांची सवलत १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला आहे. २०२५ मध्ये जे रिटर्न भरायचं होतं, ते त्याच्या आधीच्या वर्षाचं, म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातल्या कमाईचं. त्या वर्षाला नव्या कर पद्धतीत सात लाखांपर्यंत कर माफ होता. दुसरं म्हणजे माफ होतो तो कर, रिटर्न माफ होत नाही. त्या वर्षाची कमाई तीन लाखांच्या वर गेली असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. त्याच्या पुढच्या वर्षाला तीनाच्या जागी चार लाख धरायचे, एवढाच फरक.

रिटर्नची मुदत ३१ जुलै होती. ती वाढवून १५ सप्टेंबर केली आणि शेवटी आणखी एक दिवस देऊन १६ सप्टेंबर. तीही गेली. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं, पण पैसे मोजून. किती, ते आपलं आपल्याला काढता आलं पाहिजे. नाहीतर केंद्रावर बसलेला सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो.

समूहाची वही लिहिणाऱ्या बाईला हा हिशोब जड नाही. आपल्याकडे बैठकीला उशीर झाला तर ठरलेला दंड असतो. दहा मिनिटं उशीर होवो की तासभर, दंड तेवढाच. आणि कर्जाचा हप्ता थकला तर व्याज लागतं, ते थकलेल्या रकमेवर आणि महिन्यांवर. आयकरातही अगदी हेच दोन प्रकार आहेत. रिटर्न उशिरा भरलं म्हणून विलंब शुल्क, आणि कर उशिरा भरला म्हणून व्याज. दोन्ही वेगळी कामं, वेगळ्या ओळीत लिहायची.

विलंब शुल्क असं : कमाई पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, पाच लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये. एक दिवस उशीर झाला तरी तेवढंच आणि ३० डिसेंबरला भरलं तरी तेवढंच. त्या वर्षाची कमाई तीन लाखांच्या आत असेल आणि रिटर्नची सक्ती करणारं दुसरं काही कारण नसेल तर शुल्क शून्य. मोठ्या उलाढालीची, खात्यात मोठा भरणा झाल्याची, वर्षाचं वीजबिल लाखाच्या वर गेल्याची अशी काही कारणं आहेत. बहुतेक जणींना ती लागू होत नाहीत.

आता यातला सगळ्यात मोठा घोळ. कमाई म्हणजे गल्ल्यात आलेला पैसा नव्हे. वर्षाला वीस लाखांची विक्री करणाऱ्या किराणा दुकानाची कमाई वीस लाख नसते. छोट्या धंद्यांसाठी अंदाजित नफ्याची सोय आहे : रोखीच्या विक्रीवर निदान ८ टक्के आणि फोन-पे, बँक वगैरेतून आलेल्या पैशावर निदान ६ टक्के नफा दाखवायचा. वहीखाती दाखवायची कटकट नाही. वीस लाख सगळे रोखीचे धरले तरी नफा निघतो १ लाख ६० हजार. म्हणजे तीन लाखांच्या आत. पण खरा नफा त्याहून जास्त असेल तर खरा आकडाच दाखवायचा, हे विसरू नका. समूहाकडून किंवा बँकेकडून घेतलेलं कर्ज तुमच्या खात्यात आलं, तर ती कमाई नाही. ती परतफेड करायची रक्कम आहे.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुधाचा धंदा, कोंबड्या, शेळ्या ही आयकराच्या हिशोबात शेती नाही. मिरची पिकवून विकली तर शेती. मिरची विकत घेऊन मसाला कुटून पाकिटं विकली, तर धंदा. ‘आमचं सगळं शेतीचंच आहे’ म्हणणाऱ्या तायांनी ही ओळ दोनदा वाचावी.

उदाहरणं घेऊ. नावं घालत नाही, आकडे समजुतीसाठी आहेत. एकीचा शेवयांचा उद्योग, कमाई ४ लाख २० हजार. कर शून्य, व्याज शून्य. वेळेत भरलं असतं तर एक रुपयाही लागला नसता, उशिरा भरलं म्हणून १,००० लागले. दुसरीचं शिवणकामाचं युनिट, कमाई ६ लाख ४० हजार. तिचाही कर शून्य. पण शुल्क ५,००० रुपये. सात लाखांच्या आत आहे म्हणून ती निर्धास्त होती. एक रुपयाही कर लागत नसताना पाच हजार गेले.

तिसरी ताई जेवणाच्या मोठ्या ऑर्डरी घेते. खर्च जाता कमाई ८ लाख ६० हजार. सात लाखांची माफी तिला नाही, म्हणून कर लागतो. तीन ते सात लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. पुढच्या १ लाख ६० हजारावर १० टक्के म्हणजे १६,०००. मिळून ३६,०००, त्यावर ४ टक्के उपकर १,४४०. एकूण ३७,४४०. एका ऑर्डरच्या बिलातून ५,४४० रुपये टीडीएस आधीच कापला गेला होता, तो वजा. बाकी ३२,००० रुपये. ती २० नोव्हेंबरला कर आणि रिटर्न दोन्ही एकदम भरते, असं धरू.

व्याजाचा दर महिन्याला शेकडा १ रुपया. आपल्या समूहात बऱ्याच ठिकाणी शेकडा दोन असतो, त्या मानाने कमी वाटेल. पण इथे अपुरा महिनाही पूर्ण धरतात. दोन दिवस वर गेले की आखा महिना. व्याजावर व्याज मात्र लागत नाही.

पहिलं व्याज रिटर्नच्या उशिराचं. १६ सप्टेंबरनंतर २० नोव्हेंबरपर्यंत तीन महिने. ३२,००० वर ३ टक्के, ९६० रुपये. दुसरं व्याज आगाऊ कराचं. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो वर्ष संपण्याआधी भरायचा असतो. अंदाजित नफ्याची पद्धत घेणाऱ्यांना सगळा एकदम १५ मार्चपर्यंत. या ताईने तो भरला नव्हता. म्हणून १ एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत आठ महिने, ८ टक्के, २,५६० रुपये. शिवाय १५ मार्चची तारीख चुकल्याचं एकदाच १ टक्का, ३२० रुपये. वर विलंब शुल्क ५,०००. बेरीज करा : ८,८४०. मूळ ३२,००० धरून तिला ४०,८४० भरावे लागतील. हेच तिने ३१ डिसेंबरवर ढकललं तर पहिलं व्याज १,२८०, दुसरं २,८८०, म्हणजे वरचा बोजा ९,४८०. पैसे हातात असतील तर रिटर्नची वाट न पाहता कराचं चलन आधी भरून टाकावं. आगाऊ कराचं व्याज तिथेच थांबतं.

भरलेला कर कमी पडला तर आयकर विभाग हिशोब जुळवून बाकीची सूचना पाठवतो. ती आल्यापासून ३० दिवसांत भरायची. नाही भरली तर पुन्हा महिना १ टक्का सुरू. हा झाला चुकून कमी भरल्याचा प्रकार. कमाई कमी दाखवली तर त्या लपलेल्या कमाईवरच्या कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. खोटी कागदं, खोटे खर्च दाखवले तर दंड २०० टक्के. ‘रिफंड काढून देतो, मला त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणारे फिरत असतात. सही तुमची असते. दंडही तुम्हालाच होतो. माझं मत विचाराल तर अशा माणसाला आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा देऊ नये.

ज्यांची त्या वर्षाची कमाई तीन लाखांच्या आत होती, त्यांच्यासाठीही ३१ डिसेंबर महत्त्वाचा होता. कंत्राटाच्या बिलातून बाईच्या नावावर १ टक्का टीडीएस कापला जातो आणि पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. कमाई करपात्र नसेल तर हे पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. फॉर्म २६-एएस काढून बघा, तुमच्या पॅनवर किती जमा आहेत ते दिसतं. ३१ डिसेंबर उलटला की उरतं ते अद्ययावत रिटर्न. त्यात परतावा मागता येत नाही. आणि कर लागत असेल तर कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, मग ५०, ६०, ७० असं चढत जातं.

हे सगळं सभासदाच्या स्वतःच्या कमाईबद्दल आहे. समूहाच्या किंवा प्रभागसंघाच्या पॅनवरचं रिटर्न वेगळं असतं, ते लेखापालांकडे विचारावं.

राज्य सरकार आपल्याकडे आयकर घेत नाही. राज्याचा आहे तो व्यवसाय कर, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. जीएसटी नोंदणी घेतलेल्या तायांना याचीही नावनोंदणी लागते आणि ती केली की दरवर्षी ३० जूनपर्यंत भरावा लागतो. राहिला तर व्याज, शिवाय दहा टक्क्यांपर्यंत दंड. नोकरी करणाऱ्या महिलांना एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पगारापर्यंत तो नाही. कोणाच्या पगारातून अजून कापला जात असेल तर विचारणा करा. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांनाही माफ आहे.

शेवटी केंद्रावर जाण्याआधीचं. रिटर्न भरताना नोंदवलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे ना, ते बघा. बऱ्याच जणींच्या खात्याला केंद्रचालकाचा नंबर असतो. विभागाची सूचना त्याच्या फोनवर येते, आणि तुम्हाला कळतं तेव्हा तीस दिवस संपलेले असतात. आधारला मुलाचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपीसाठी त्याला सोबत न्या. कारण रिटर्न भरून काम संपत नाही, ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते. ती राहिली आणि नंतर केली, तर पडताळणीची तारीख हीच रिटर्नची तारीख धरतात. म्हणजे डिसेंबरात भरलेलं रिटर्न फेब्रुवारीचं होऊन बसतं. पावतीवर ‘पडताळणी झाली’ असं दिसल्याशिवाय केंद्रावरून उठू नका.