उदास मन आणि आजारी मन

नैराश्य हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. परीक्षेंत चार गुण कमी पडले, पावसानें ओढ दिली किंवा कचेरींत वरिष्ठ रागें भरले, कीं मनुष्य म्हणतो, "मला डिप्रेशन आलें." उलटपक्षीं ज्याला तो आजार खरोखर जडलेला असतो, तो बहुधा हा शब्द उच्चारीतच नाहीं. तो म्हणतो, करमत नाहीं. जेवणावर वासना नाहीं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. पाठ दुखते, डोकें जड असतें. नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांतून अशीं माणसें रक्त तपासून घेतात, शक्तीच्या गोळ्या आणि सलाईन घेऊन घरीं जातात, आणि पुढल्या महिन्यांत पुन्हा येतात. तेव्हां साधी खिन्नता कोणती आणि वैद्याकडे नेण्याजोगा आजार कोणता, हें आधीं समजून घेणें अवश्य आहे. ह्या विषयाचा एक फार दारुण पाठ लातूर जिल्ह्यालाच मिळालेला आहे.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे, चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतांना, किल्लारी आणि आसपासचा मुलूख हादरला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. दगडामातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ ते दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें बावन्न गांवें उठवून नव्या जागीं वसवावीं लागलीं.

त्या दिवसांत त्या गांवांतून दुःखी नसलेला मनुष्य सांपडणें कठीण होतें. धड झोंप कोणालाच नव्हती. जमीन जरा गुरगुरली कीं लहानथोर सारे निवाऱ्याबाहेर धांवत. ह्या सर्वांना आजारी म्हणावयाचें काय? मुळींच नाहीं. शोक हा आजार नव्हे. शोकाला लाटा असतात. मनुष्य ऊर बडवून रडतो, आणि घटकाभरानें एखाद्या नातवाच्या बोबड्या बोलण्यावर हंसतोही. पेरणीची वेळ आली कीं तो तिफण धरतो. महिने लोटतात तसतसें दोन लाटांतील अंतर वाढत जातें. भूकंपांतून वांचलेलीं बहुसंख्य माणसें अशींच हळूहळू उभीं राहिलीं.

परंतु तसेंच घर, तशींच माणसें गमावलेल्या कांहीं जणांचें मन उभें राहिलें नाहीं. अशा माणसाला नवें पक्कें घर मिळतें, शेत पिकतें, मुलीचें लग्नही होतें. पण त्याच्या मनावरचें झांकण निघत नाहीं. आपण वांचलों हाच आपला अपराध, असें त्याला वाटत राहतें. भूकंपानंतर लोकांच्या मानसिक आरोग्याची पाहणी करण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें जें काम हातीं घेतलें, तें आपल्या देशांतील अशा प्रकारच्या आरंभींच्या कामांपैकीं एक होय.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, आघात सर्वांवर झाला, आजार मात्र सर्वांना झाला नाहीं. आणि आघात ढळढळीत दिसत होता म्हणूनच, ज्यांना आजार झाला त्यांच्याकडे दुर्लक्ष होणें सोपें होतें. "एवढें घडल्यावर दुःख व्हायचेंच," असें म्हणून शेजारी उठून जातो. त्याच्या म्हणण्यांत सहानुभूति असते. परंतु रोग्याचें त्यानें नुकसानच होतें. उंचावरून पडून पाय मोडला, तर "पडल्यावर मोडायचाच" असें म्हणून कोणी प्लास्टर घालावयाचें थांबत नाहीं.

वैद्यकशास्त्र ह्या आजाराची ओळख दोन मुख्य खुणांनीं करतें. मन सतत खिन्न असणें ही एक. आणि पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी पार नाहींशी होणें ही दुसरी. ह्यांपैकीं निदान एक खूण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळ जवळ रोज, सलग दोन आठवडे तरी असावी लागते. तिच्या जोडीला झोंप आणि भूक बिघडते, अंगांतील बळ जातें, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं, आपण कुचकामी आहों असें वाटतें, आणि मरणाचे विचार मनांत घोळूं लागतात. ह्या सर्वांमुळें नित्याचे व्यवहार अडले, कीं तो आजार होय.

दुसऱ्या खुणेकडे घरच्यांचें लक्ष सहसा जात नाहीं, म्हणून तिचा थोडा विस्तार करणें बरें. ज्यानें माळेगांवच्या खंडोबाची यात्रा कधीं चुकविली नाहीं, तो गृहस्थ बरोबरीची मंडळी दारांत उभी असतां अंथरुणांतून उठत नाहीं. तो रडत नाहीं, कुरकुरतही नाहीं. नुसता बसून असतो. घरचे म्हणतात, आळस चढला. वृद्धांच्या बाबतींत म्हणतात, वय झालें, विसरभोळेपणा आला. कोंवळ्या वयांत तर हा आजार कित्येकदां उदासीऐवजीं चिडखोरपणाचें रूप घेऊन येतो. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळें आसपासच्या जिल्ह्यांतून हजारों मुलें-मुली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं लातुरांत खोल्या घेऊन राहतात. त्यांतील एखाद्यानें फोनवर तोडून बोलावें, खानावळींत जाणें टाळावें, दिवसां निजावें आणि रात्रभर जागावें, हें दोन-तीन आठवडे चाललें तर त्याला उद्धट न ठरवितां आईबापांनीं एकदां समक्ष जाऊन भेटावें. चाचणींतील गुण त्या भेटींत विचारूं नयेत.

शरीरावर उमटणाऱ्या खुणांबद्दल आपल्या पूर्वजांचें निरीक्षण सूक्ष्म होतें. गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग असेंच नांव आहे, आणि तेथें अर्जुन आपली व्यथा सांगतांना गळलेलीं गात्रें, कोरडें पडलेलें तोंड, अंगाचा कंप, ह्यांचाच पाढा वाचतो. अर्जुनाचा विषाद हा अर्थातच आजार नव्हता, आणि नुसत्या उपदेशानें आजार जाईल असा अर्थही त्यांतून कोणी काढूं नये.

आतां कारणांविषयीं. एकच कारण शोधूं जाणें व्यर्थ आहे. कांहीं घराण्यांत ह्या आजाराकडे कल असतो. पण कल म्हणजे ललाटलेख नव्हे. लहानपणीं झालेली आबाळ, प्रियजनांचा मृत्यु, एकटेपणा, घरांतील मारहाण, दारू, दीर्घ दुखणीं, ह्या साऱ्यांचा त्यांत वांटा असतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत ह्याचें प्रमाण अधिक आढळतें, आणि बाळंतपणानंतरचे महिने विशेष जपण्याचे असतात. थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावलें किंवा रक्त कमी झालें, तरी हुबेहूब अशींच लक्षणें दिसतात. म्हणून रक्त तपासणें चुकीचें नाहीं, तेथेंच थांबणें चुकीचें आहे. मेंदूंतील सेरोटोनिन नांवाचें द्रव्य कमी पडलें कीं नैराश्य, हें समीकरण एके काळीं फार लोकप्रिय होतें. आज शास्त्रज्ञ तें इतकें सोपें मानीत नाहींत. औषधें उपयोगी पडतात, हें मात्र त्यामुळें खोटें ठरत नाहीं.

मराठवाड्यांत कारणांचा विचार शेतीवांचून पुरा होत नाहीं. लागोपाठच्या अवर्षणांनंतर एप्रिल १९१६ नव्हे, २०१६ मध्यें, म्हणजे आपल्याच काळांत, लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. त्याच सुमारास, २०१५ सालीं, राज्य शासनानें मराठवाडा व विदर्भ येथील शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यावर एक आक्षेप घेतला जातो कीं, शेतकऱ्याला भाव हवा, पाणी हवें. गोळी घेऊन काय करावयाचें? आक्षेपांत तथ्य आहे. गोळीनें कर्ज फिटत नाहीं. परंतु आजारी मनाला बँकेची पायरी चढण्याचें, पीकविम्याचा अर्ज भरण्याचें, भावाकडे शब्द टाकण्याचेंही बळ उरत नाहीं. चार वाटा मोकळ्या असतांना त्याला एकही दिसत नाहीं. पाणी आणि भाव ह्यांसाठीं झगडावयाचें तरी मन आधीं बरें व्हावें लागतें.

उपचारांची हकीकत आशादायक आहे. १९५० नंतरच्या दशकांत क्षयरोगावर दिलेल्या एका नव्या औषधानें रोगी अनपेक्षितपणें उल्हसित होतात, असें डॉक्टरांच्या नजरेस आलें. त्याच दशकांत रोलंड कून ह्या स्विस डॉक्टरांना इमिप्रामीन ह्या औषधाचा गुण आढळला. तेव्हांपासून औषधें पुष्कळ सुधारलीं. त्यांविषयीं तीन गोष्टी घरच्यांनीं पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. गुण यावयास दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांत मळमळ किंवा बेचैनी झाली म्हणून औषध फेंकून देऊं नये, डॉक्टरांना सांगावें. झोंपेच्या कांहीं गोळ्यांची जशी चटक लागते तशी ह्यांची लागत नाहीं. आणि बरें वाटूं लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावें लागतें; तें एकाएकीं तोडूं नये. रोग्याला पूर्वीं कधीं अतिउत्साहाचे, बेसुमार खर्चाचे, झोंपेवांचून हिंडण्याचे दिवस आले असतील तर तें डॉक्टरांना अवश्य सांगावें. कारण त्या आजाराचें औषध निराळें असतें.

विजेच्या उपचाराविषयीं चित्रपटांनीं फार भय पसरविलें आहे. अत्यंत तीव्र आजारांत, रोगी अन्नपाणीच सोडतो तेव्हां, तो उपचार जीव वांचवितो. आज भूल दिल्यावांचून तो करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनाई आहे.

सौम्य व मध्यम आजारांत बोलण्याच्या उपचाराचाही गुण मोठा आहे. मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांतच, मग खेड्यांत हें कोणी करावें? ह्याचें एक उत्तर शेजारच्या गोव्यानें दिलें. तेथें 'संगाथ' ह्या संस्थेनें डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बसविलें. त्यांची रीत साधी होती. मन बरें झाल्यावर काम करूं, असें रोगी म्हणतो. तर आधीं लहानसें काम करूं, मन मागून येईल, असें ते सुचवीत. आज अंगणापर्यंत, उद्यां शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत, परवां बाजारापर्यंत; आणि केलेल्याची वहींत नोंद. अशा सहा ते आठ भेटींचा परिणाम काटेकोरपणें तपासून २०१७ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्यांना अशा भेटी मिळाल्या त्यांतले अधिक लोक तीन महिन्यांत बरे झाले, आणि वर्षानंतरही तो लाभ टिकून होता.

इतकें असूनही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत असें दिसलें कीं, देशांतील सुमारें वीस प्रौढांमागें एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा आजार होतो, आणि शंभर रोग्यांपैकीं सुमारें पंचाऐशी उपचारावांचून राहतात. त्याचें एक कारण लाज. देवदर्शनानें किंवा वारीनें कोणाला धीर येत असेल तर त्याआड येण्याचें कारण नाहीं. परंतु अंगारे-धुपाऱ्यांत महिने गेले तर आजार मुरतो. नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारांचे विभाग आहेत, आणि तेथें जाणाऱ्याला कोणी वेडा म्हणून कोंडून ठेवीत नाहीं. फोनवर मराठींतून सल्ला हवा असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालतो आणि त्याला पैसे पडत नाहींत.

रोगी जगण्याला कंटाळल्याचें बोलला तर विषय बदलूं नये. "मरणाचे विचार येतात का?" असें शांतपणें विचारल्यानें ते विचार मनांत भरत नाहींत, उलट भार हलका होतो. त्या दिवसांत त्याला एकटें सोडूं नये, फवारणीचीं औषधें कुलपांत ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. पोलिसांचें भय बाळगून गोष्ट लपविण्याचें आतां कारण नाहीं. २०१७ च्या कायद्यानें अशा मनुष्याला शिक्षेऐवजीं उपचार देण्याचें धोरण स्वीकारलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम उरलेलें नाहीं.

हा आजार पुष्कळांना पुन्हा उलटतो. उलटतांना तो बहुधा पहिल्याच खुणेनें येतो, आणि ती खूण ज्याची त्याची निराळी असते. कोणाची पहाटेची झोंप जाते, कोणी दाढी करणें सोडतो, कोणी बाई तुळशीला पाणी घालणें विसरते. बरें वाटत असतांनाच घरच्यांनीं आणि रोग्यानें मिळून ती खूण ओळखून ठेवावी, डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्यावी, आणि ती दिसतांच दोन आठवडे न थांबतां दवाखाना गांठावा.